मज्जेचा कोनाडा

बुधवारी दुपारी रक्तवाडीत गर्दी असे. नागपूरबाहेर, काटोल रस्त्यावरच्या त्या इमारतीचं सरकारी नाव बरंच लांबलचक होतं. पण आत रक्त पिकवतात म्हणून लोक तिला रक्तवाडी म्हणू लागले आणि पुढे बसच्या पाटीवरही तेच नाव आलं. गडचिरोली-चंद्रपूरकडचे सिकलसेलचे रुग्ण डबे बांधून येत, खुर्च्यांवर रेलून रक्त चढवून घेत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. रक्तदाता मिळत नाही म्हणून नातेवाइकांनी फोनवर फोन करायचे दिवस आता कोणाच्या बोलण्यातही येत नसत.

शलाका उमाठे रक्त घ्यायला येत नसे. ती ‘हो’ म्हणायला येई.

आतल्या एका खोलीत काचेमागे ओंजळीत मावेल एवढं एक मज्जापात्र होतं, हाडासारख्या सच्छिद्र पदार्थाचं. त्यात तिच्या आईच्या रक्तमूलपेशी होत्या. हाडाच्या पोकळीत अशा पेशी जिथे दडून राहतात त्या जागेला इथले लोक कोनाडा म्हणत, आणि पात्रात असे लाखो कोनाडे होते. मूलपेशी एकीच्या दोन होतात तेव्हा एक कोनाड्यातच राहते, दुसरी बाहेर पडते आणि तिच्यापासून रक्त होतं. माणसाच्या शरीरात हे जन्मभर चालतं. पात्रात मात्र दात्यांच्या पेशी थकत. काही महिन्यांतच मागे राहणारं कोणी उरत नसे, सगळ्याच बाहेर पडत आणि पात्र निकामी होई. फक्त आईचं पात्र थकत नव्हतं. का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

आई जिवंत असतानाच पेशी देऊन गेली होती. शाळेत शास्त्र शिकवायची. सुई टोचताना तिने तिथल्या मुलींना मज्जेचे भाग विचारले होते म्हणे. मग डोक्यातल्या गाठीने ती गेली, आणि शलाकाच्या मागे कायदा लागला. मेलेल्या माणसाच्या पेशी वाढवायच्या असतील तर जवळच्या नातलगाने दर पंधरवड्याला स्वतः समोर येऊन संमती द्यायची. कोणी गेलेल्या माणसाला यंत्रात चालू ठेवून विसरून जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. शलाकाला विसरायची सोयच राहिली नाही.

लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेने तिला बोलावलं होतं, दुर्बिणीच्या आरशांच्या कामासाठी. तिने ते दोनदा पुढे ढकललं होतं. तिथून पंधरवड्याला नागपूर गाठणं शक्य नव्हतं, आणि नातलग म्हणून दुसरं कोणी उरलं नव्हतं. वेधशाळेने तिसऱ्यांदा विचारलं होतं आणि चौथ्यांदा विचारणार नाही, हेही नम्रपणे कळवलं होतं.

आज ती ‘नाही’ म्हणायला आली होती.

खोलीकडे जाताना वाटेतल्या खुर्चीवर गजानन आत्राम दिसला. वडशाला त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. पूर्वी त्याच्या पेशी विळ्यासारख्या वाकून नसांत अडकत आणि हाडं अशी दुखत, की तो दुकानातच जमिनीवर लोळे. आता दंडात सुई घेऊन तो दुसऱ्या हाताने डब्यातली जवसाची चटणी खात होता.

“या ताई. तुमच्या मायनं पार वाट लावली माझी.”

“काय झालं?”

“तिचं रक्त घेऊन राहिलो तवापासून मले लोकाइच्या चुकाच दिसतेत. काल पोरीची वही पाहिली, अन् लाल पेन शोधून राहिलो होतो मी! बायको म्हणते, आधीचं दुखणं बरं होतं, निदान गप तरी पडून राहायचा हा माणूस.”

शलाका हसली. हसता हसता तिला त्याच्या दंडात जाणारी लाल नळी दिसली आणि तिने नजर दुसरीकडे वळवली.

“दुसऱ्या पात्राचं रक्त चालेल ना तुम्हाला?” तिने विचारलं.

“चालते नं. मिळालं तर. बाकीचे पात्र आटूनच राहिले नं, ताई.” त्याने डब्याचं झाकण लावलं. “काहून?”

“सहज.”

खोलीत डॉ. पल्लवी मेश्राम आधीच येऊन बसल्या होत्या. एरवी त्या शलाकाला इथे एकटी सोडत. तिला पात्राशी बोलायची सवय आहे, हे त्यांना ठाऊक होतं. गच्चीची गळती थांबली, शेजारच्या काकूंचा पाय बरा आहे, असलंच काहीतरी ती काचेला सांगत असे.

“मी आज संमती देणार नाहीये,” शलाका उभ्यानेच म्हणाली. बसली असती तर ते तोंडातून निघालं नसतं.

“वाटलंच होतं मला. तुम्ही मागच्या वेळी कोणाशी न बोलता गेलात. म्हणून पात्र बंद व्हायच्या आधी एकदा सगळ्या पेशी मुळापासून तपासून घेतल्या.” डॉक्टरांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. “शलाकाताई, बसा जरा.”

“इथूनच सांगा.”

“त्या तुमच्या आईच्या नाहीत.”

शलाकाने काचेकडे पाहिलं. पात्र होतं तसंच होतं, फिकट आणि ओलसर.

“बदललं पात्र? चुकून?”

“पात्र तेच आहे. चूक आमची आहे, पण वेगळी. दर फेरीत निघालेल्या पेशी आम्ही आधीच्या फेरीशी ताडून बघतो. आमची पद्धतच आहे ती. पहिल्या दिवशीच्या नमुन्याशी पुन्हा कोणी ताडत नाही. फरक थोडा थोडा पडत गेला, आणि प्रत्येक वेळी तो थोडाच होता. रक्तगटही एकच. दोघी बायकाच, त्यामुळे तिथेही काही खटकलं नाही.”

“दोघी कोण?”

“तुम्ही आणि आई.”

आता शलाका बसली.

डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. बाळ पोटात असताना त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. बहुतेक मरतात, एखादी मज्जेत जाऊन बसते आणि आईच्या शरीरात वर्षानुवर्षं राहते. बाळ बाहेर येतं, मोठं होतं, त्या मात्र आतच असतात. शलाकाच्या आईची मज्जा काढली तेव्हा तिच्यात अशा मूठभरही नसतील. पात्रात आईच्या मूलपेशी वयामुळे थकत गेल्या, सगळ्यांच्या थकतात तशाच. शलाकाच्या त्या थोड्याशा मात्र मागे राहिल्या आणि वाढत गेल्या.

“म्हणजे आत्रामांच्या दंडात...”

“तुमचं रक्त आहे. आणखी पुष्कळांच्या.”

एवढे बुधवार ती काचेला काय काय सांगत आली होती, ते शलाकाला आठवलं. गळतीचं, काकूंच्या पायाचं. एकदा नुसतीच रडली होती. समोर आई नव्हतीच. आई तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा एकदा संपत गेली होती आणि ती तिला गच्चीच्या गोष्टी सांगत बसली होती.

“मग आई इथे कुठेच नाही?”

“आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “कोनाडे त्यांचे आहेत. रक्तमूलपेशी एकट्या राहू शकत नाहीत. त्यांच्याभोवती दुसऱ्या पेशी असतात, त्या रक्त होत नाहीत, धरून ठेवतात. थांब, अजून निघू नकोस, असं सारखं सांगत असतात म्हणा. त्या पेशी आईच्याच आहेत, एकूण एक. तुमच्या पेशी दुसऱ्या कोनाड्यात घालून पाहिल्या आम्ही. आठवड्यात संपल्या.”

बाहेरून आत्रामच्या हसण्याचा आवाज आला. तो कोणाला तरी काहीतरी समजावून सांगत होता.

“कायदा काय म्हणतो?” शलाकाने शेवटी विचारलं.

“तो रक्तमूलपेशी कोणाच्या आहेत तेवढंच बघतो. तुम्ही जिवंत दात्या ठरता. म्हणजे हजेरी नाही. एकदाच संमती. हानले, लंडन, कुठेही जा.” डॉक्टरांनी बोटं एकमेकांत गुंतवली. “पण ती मागे घेता येत नाही. जिवंत माणसं रागावून, घाबरून मागे फिरतात आणि रुग्ण मधेच लटकतात, म्हणून तसं केलंय. तुम्हाला या खोलीत यायलाही मिळणार नाही. आणि हे पात्र थकत नाही. तुम्ही गेल्यावरही चालेल. तेव्हा ते थांबवायचा हक्क कोणालाच नसेल.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“आज संध्याकाळी थंड करून बंद करू. दोघींनाही.”

“तुम्ही हे मला सांगितलं नसतं तर?”

“तर तुम्ही नाही म्हणून गेला असता. आईला मोकळं केलं असं समजून.” त्यांनी काचेमागच्या पात्राकडे पाहिलं. “आत्रामांची सोय दुसरीकडे लागली नसती. म्हणून सांगितलं. माझा स्वार्थ आहे त्यात, तो लपवत नाही.”

शलाकाला डॉक्टरांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. अजून एक वाट होती, तिने तीही चाचपून पाहिली: दोघींनी गप्प राहायचं, तिने आईच्या नावाने दर पंधरवड्याला यायचं, हो म्हणायचं, आणि हवं तेव्हा नाही म्हणायचा हक्क जवळ ठेवायचा. त्यासाठी जन्मभर या खुर्चीला बांधून घ्यायचं. जायचं असेल तर थांबवायचा हक्क सोडायचा. थांबवायचा हक्क हवा असेल तर जायचं नाही. बंद करायचं, तर बाहेरच्या त्या हसणाऱ्या माणसाच्या हाडांत पुन्हा विळे सोडायचे, आणि आईचे हातही सोडवायचे.

शेवटच्या आठवड्यात आईला शब्द सापडत नसत. तरी एका सकाळी तिने स्पष्ट म्हटलं होतं, “तू जा गं आता.” आणि तेव्हाही शलाकाचं मनगट तिने घट्ट धरून ठेवलं होतं.

“विचारा,” शलाका म्हणाली.

डॉक्टरांनी संमती विचारून नोंदवणारं यंत्र सुरू केलं. जिवंत दात्याच्या नोंदीसाठी त्याचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा होता, बाईचा, थोडा तरुण.

“या पेशी ज्यांच्या आहेत, त्या व्यक्ती हयात आहेत का?”

डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिल्या. यंत्राने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“आहेत,” शलाका म्हणाली. मग कायमच्या संमतीचा प्रश्न आला, त्यालाही ती हो म्हणाली. घसा साफ करून, मोठ्याने. काचेमागचा दिवा पिवळ्याचा हिरवा झाला. एवढंच घडलं.

ती बाहेर आली आणि मागे दार आपोआप लागलं.

आत्रामची सुई निघाली होती. तो बाही खाली करत होता. तिचा चेहरा पाहून त्याने पटकन खुर्ची पुढे केली.

“बसा, बसा. काय झालं?”

“काही नाही. मी लडाखला चाललेय, आत्रामभाऊ. कामासाठी. आता नाही येणार.”

त्याचा चेहरा पडला. “मंग आमचं?”

“तुमचं चालू राहील. कायमचं.”

“हाव?” त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि मग त्यालाच त्याची लाज वाटली असावी. “चांगलं झालं, ताई. माणसानं निघालंच पाहिजे. इथं बसून बसून तुमी पार सुकून गेल्या होत्या.” तो उठला, डबा पिशवीत घातला आणि बंद दाराकडे मान वळवून अगदी सहज म्हणाला, “मायले सांगितलं नं पण, जाऊन राहिल्या म्हणून?”

शलाका वळली. तिने दाराच्या पट्टीवर अंगठा टेकवला. पट्टी लाल झाली. तिने पुन्हा टेकवला, पुन्हा लाल झाली. काच इथून दिसत नव्हती. आणि दार उघडलं असतं, तरी आत सांगायचं कोणाला होतं: धरून ठेवणाऱ्या आईला, की आईच्या बाहेर कधी आलीच नव्हती, त्या शलाकाला?