तेविसावी गाठ

त्या शाळेत दुसरीचा वर्ग फाटकाबाहेर पडायचा तो दोरी धरूनच. जाड सुती दोरी, तिला हात-दीड हातावर गाठी, जितकी मुलं तितक्या. प्रत्येकाने आपापली गाठ मुठीत धरायची. पुढचं टोक बाईंच्या हातात, मागचं शिपाईमामांच्या. नियम एकच. रिकामी गाठ दिसली, की ज्याला दिसेल त्याने ‘थांबा’ म्हणून ओरडायचं आणि बाकीच्यांनी जागच्या जागी उभं राहायचं. मुलं हलतात, गाठी हलत नाहीत, असं बाई म्हणायच्या. अठरा वर्षांत त्या दोरीने एक मूल हरवू दिलं नव्हतं.

बाई मोजून-मापून चालणाऱ्या. वर्गात बी रुजवलं, की रोपाची उंची रोज पट्टीने घ्यायच्या. कुणी बागुलबुवाची गोष्ट काढली, तर म्हणायच्या, “किती उंच होता? अंदाजे सांगू नको.” पण मायाळू. कुणाला खरचटलं, की स्वतःचा रुमाल बांधायच्या, आणि मुलाने तो दुसऱ्या दिवशी धुऊन, चार घड्या घालून त्यांच्या टेबलावर ठेवायचा, अशी वर्गाची पद्धत होती. रुमाल ठेवला म्हणजे बरं वाटलं, वेगळं सांगायला नको.

सत्राच्या मध्यावर एक मुलगी नवी आली. वेल्डिंगचं काम करणाऱ्या बापाची एकुलती एक, आई नसलेली. लोकरीची निळी टोपी काही केल्या काढायची नाही, म्हणून पहिल्याच दिवशी तिचं नाव टोपी पडलं. अक्षर मोत्यासारखं, वाचलेलं सगळं कळायचं, पण शाळेत तोंडातून शब्द नाही. बाप म्हणाला, “अहो बाई, घरी तर हिच्या तोंडाला कुलूप लावावं लागतं.” इथे मात्र हजेरीलाही नुसता हात वर.

हेडसरांनी दोन महिने वाट पाहिली. मग बाईंना बोलावून म्हणाले, “मी काही राक्षस नाही. पण उद्या सहलीत काही झालं, तर ही ओरडणार कशी? पालकसभेत प्रत्येक मूल एक वाक्य बोलतं. ही बोलली तर राहील. नाहीतर तिला त्या दुसऱ्या शाळेत पाठवू, तिथे अशा मुलांना शिकवतात.”

ती शाळा दोन बस बदलून होती. बाप सहाला कामावर जायचा, पोरीला पोचवायला घरात दुसरं कुणी नाही. म्हणजे शाळाच सुटणार, हे बाईंना कळत होतं. पालकसभेला पाच आठवडे होते.

पहिली सहल बेकरीची. शिपाईमामांनी आदल्या दिवशी टोपीसाठी दोरीला नवी गाठ मारली. एकवीसच्या बावीस झाल्या. नवी म्हणून टोपी सगळ्यांत मागे, तिच्यामागे मामा. कोपऱ्यावर वळताना बाईंनी मागे पाहिलं, तर टोपी आणि मामा यांच्यामध्ये आणखी एक गाठ होती.

“मामा, एक जास्त पडली वाटतं.”

“मी एकच मारली, बाई. हिची.”

“मग ही?”

मामा गाठीकडे बघत राहिले. एरवी सगळं थट्टेवारी नेणाऱ्या म्हाताऱ्याने ती अंगठ्याने चाचपून पाहिली. बाईंना आणखी एक गोष्ट खटकली. मामा टोपीच्या अगदी जवळून चालत होते, तरी दोघांमधली दोरी खाली लोंबत नव्हती. बाईंनी मनाशी म्हटलं, नव्या गाठीने दोरी आखडली असेल.

बेकरीत भट्टीची ऊब होती आणि पिठाचा वास. पीठ का फुगतं ते बेकरीवाल्याने छान समजावलं, आणि शेवटी गरम पावांचा एक ट्रे पुढे केला. “तेवीस आहेत. एकेक घ्या.”

“बावीस,” बाई म्हणाल्या.

“दारातून आत येताना मोजली मी. तेवीस.”

“अहो, माझा वर्ग आहे.”

“आणि माझा धंदा आहे, बाई. सकाळपासून रात्रीपर्यंत मोजतच असतो.”

बाईंनी हात तपासले. प्रत्येकाच्या हातात एकेक पाव. मामांनी घेतला नव्हता, बाईंनीही नाही. ट्रे रिकामा होता. कुणीतरी दोन हाणले असणार, असं म्हणून बाईंनी विषय मिटवला, पण परतताना त्यांनी तीनदा मागे वळून पाहिलं.

वर्गात बाकावर दोघं-दोघं बसत. त्यातला एक मुलगा इतका बोलायचा, की त्याचं नाव रेडिओ, आणि शेजाऱ्याचे कान किटू नयेत म्हणून त्याला पहिल्या बाकावर एकटं बसवलेलं. त्यामुळे शेवटच्या बाकावर टोपीही एकटीच. बाईंच्या लक्षात आलं, की ती बाकाच्या अगदी कडेला बसते आणि बाकीची जागा मोकळी ठेवते. वही मध्ये सरकवते. आणि तिचे ओठ हलतात.

बाईंनी रेडिओला विचारलं. दुसरं कुणाला विचारणार, सगळ्या बातम्या त्याच्याकडे.

“ती शेवटच्या गाठीवालीशी बोलते,” तो म्हणाला.

“कोण शेवटची गाठवाली?”

“आम्हाला नाही दिसत. टोपीला दिसते. बाई, मी पाणी पिऊन येऊ?”

त्याच्या सुरात ना भीती ना नवल. बाईंना मात्र बरं वाटलं नाही. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांना भीती होती ती वेगळी. पोरीने मनातली मैत्रीण धरून ठेवली, तर ती खऱ्या मुलांशी बोलणार कधी? आणि सभा तर जवळ येत चाललेली. बाईंनी ठरवलं, हे खूळ मुळापासून काढायचं.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये कुणी नसताना त्या दोरी घेऊन बसल्या. गाठ सुटता सुटेना. नखं दुखायला लागली, तेव्हा त्यांनी कंपासपेटीतलं कर्कटक काढलं, त्याचं टोक गाठीच्या पोटात खुपसलं आणि जोर लावला. अख्खी सुट्टी गेली. शेवटी गाठ सुटली, दोरी तिथे नुसती वेडीवाकडी राहिली. बाईंनी मोजल्या. बावीस. त्यांनी कर्कटक पुसून ठेवलं आणि हे कुणालाच सांगितलं नाही.

दुसरी सहल अग्निशमन केंद्राची. फाटकाशी टोपीने आपली गाठ धरली, मागे वळून पाहिलं, आणि ती पाहतच राहिली. सहलीभर तिची मान खाली. बाकीच्यांनी बंबावर चढून घंटा वाजवली, हेल्मेटं घातली, रेडिओने तर शिडीची उंची तीनदा विचारली. टोपीने डोळे वर केले नाहीत.

त्यानंतर तिचे ओठ हलायचे थांबले. मग लिहिणं थांबलं. बाकावर डोकं टेकून पडून राहायची, अजूनही तशीच कडेला. चौथ्या दिवशी बाप आला. दाराशीच उभा राहिला, आत येईना.

“बाई, घरीपण बोलायची बंद झाली हो. मी काही चुकलो का?”

चूक कुणाची ते बाईंना ठाऊक होतं. हातातलं होतं-नव्हतं तेही आपण घालवलं, या विचाराने त्यांना त्या दिवशी डबा गेला नाही. सभेला आठ दिवस उरले होते आणि मध्ये एकच सहल.

सहलीच्या आदल्या दुपारी, मुलं गेल्यावर, त्यांनी पुन्हा दोरी काढली. “पोरीला आधार हवा, तो द्यायचा,” त्या रिकाम्या वर्गात मोठ्याने म्हणाल्या. “एवढंच आहे हे.” आणि आयुष्यात कधी अंदाजाने काही न करणाऱ्या बाईंनी, कुणासाठी ते माहीत नसताना, तेविसावी गाठ स्वतःच्या हाताने मारली. दोरी आपल्या जुन्या घड्यांत सहज बसली.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी टोपीने मागे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. बाईंनी ते पहिल्यांदाच पाहिलं.

जलशुद्धीकरण केंद्रात औषधाचा उग्र वास होता आणि पंपांची घरघर पायांतून वर चढत होती. मोठमोठ्या उघड्या टाक्या, काळं-हिरवं पाणी, आणि टाक्यांच्या कडेने लोखंडी कठड्याची अरुंद वाट. ती वाट पंपघराला वळसा घालून जायची. बाई वळून पुढे गेल्या, मागे मुलं एकेक करून वळत होती. रांगेचं शेपूट अजून पंपघराच्या भिंतीपलीकडे होतं. तिथला माणूस गाळाबद्दल सांगत होता.

“थांबा!”

आवाज घोगरा होता, फार दिवस न वापरलेला. बाईंनी तो कधी ऐकला नव्हता.

सगळी मुलं जागच्या जागी उभी राहिली. बाई दोरीवरून हात फिरवत मागे धावल्या. एक, दोन, तीन, चार.

नववी गाठ नुसतीच लोंबत होती. रेडिओची.

तो पंपघराच्या आडोशाला होता. दुरुस्तीसाठी कठड्याचा एक गज काढलेला, त्या फटीतून तो पाण्यावर वाकला होता. टाचा उचललेल्या, हात सुटे, सगळं अंग टाकीवर. इतकं वाकलेलं माणूस उभं राहूच शकत नाही.

तो उभा होता.

त्याचा शर्ट पाठीमागून ताणलेला होता. दोन खांद्यांच्या मधोमध कापड एका मुठीएवढं चुरगळलं होतं.

मागे कुणी नव्हतं.

बाईंनी झेप घेऊन त्याला दंडाला धरून ओढलं. त्यांचा हात लागला, तसा शर्ट सैल पडला.

“मी बुडबुडे बघत होतो,” रेडिओ म्हणाला. मग रुसून, “बाई, तिला सांगा ना, असं ओढायचं नसतं. माझी गुंडी तुटली.”

त्याला घट्ट जवळ धरूनच बाई भिंतीपलीकडे गेल्या. मामा पांढरेफटक पडले होते. “बाई, ही ओरडली,” ते म्हणाले. “आपली टोपी.”

टोपीने आपली गाठ एका हातात धरली होती आणि दुसऱ्या हाताने मागची गाठ दाखवत होती. ती खाली लोंबत होती.

“ही रिकामी झाली,” ती म्हणाली. “ती मला ओरड म्हणाली आणि पुढे पळाली.”

टोपी उभी होती तिथून समोर भिंत होती. बाईंनी नंतर त्याच जागी, गुडघे वाकवून टोपीच्या उंचीवर येऊन, स्वतः पाहिलं. पंपघर, विटा, आणि काही नाही. ती फट तिथून अकरा पावलांवर होती. परत निघताना त्या मामांच्या शेजारून चालल्या. चारेक पावलं गेली असतील, टोपीच्या मागची दोरी हळूच वर उचलली गेली. मामांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “चला, उशीर होतोय.”

पालकसभेला आईबाप त्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. मुलं एकेक वाक्य बोलली. पीठ कशाने फुगतं. बंबाची शिडी किती मजली जाते. रेडिओने एका वाक्यात नऊ वाक्यं घातली, तेव्हा हेडसरांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. मग टोपी उभी राहिली.

वेल्डरने हातातली पिशवी इतकी आवळली, की ती चुरचुरली. टोपीने एकदा बाजूला पाहिलं, जिथे कुणी नव्हतं.

“मी शिकले, की रिकामी गाठ दिसली की ओरडायचं,” ती म्हणाली. “लाजायचं नाही.”

बाप सगळ्यांदेखत रडला. हेडसरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “राहील ही इथेच. आता हिला गप्प बसवायचं काम तेवढं बाईंचं.” सगळे हसले, आणि टोपीही हसली.

सगळे गेल्यावर ती एकटी परत आली. बाप फाटकाशी थांबला होता.

“बाई, एक सांगू? तुम्ही गाठ सोडली होती ना, तेव्हा तिला कर्कटक टोचलं.” तिने आपल्या डाव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं. “इथे. पण ती रागावली नाहीये.”

एवढं सांगून टोपी धावत गेली.

दोरी दिवसभर उघड्या खिडकीत टांगलेली होती. बाई ती गुंडाळायला लागल्या. गाठी गार लागत होत्या, एकामागून एक, बावीसच्या बावीस. तेविसावी कोमट होती. जराशी ओलसरही, आत्ताच कुणीतरी हात काढून घेतल्यासारखी.

बाई बराच वेळ ती हातात घेऊन बसल्या. “चुकलं माझं,” त्या हळू म्हणाल्या. मग कमरेचा रुमाल काढून त्यांनी गाठीभोवती बांधला, फार घट्ट नाही, फार सैल नाही. दोरी खुंटीला अडकवली, वर्गाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

सकाळी कुलूप त्यांनीच उघडलं. दोरी खुंटीला होती. रुमाल त्यांच्या टेबलावर होता, धुतलेला, अजून थोडा दमट, चार घड्या घातलेला.