जास्तीचे त्रेचाळीस किलो

इंजिन साखळीला लटकून बाहेर आलं तेव्हा मिस्त्रीने घाम पुसत त्याला हात जोडले. गाडी तीस वर्षांची, लांबलचक, चामड्याच्या सीटांची. एके काळी हॉटेलचे बडे पाहुणे तिच्यातून मिरवत. आता ती विजेवर चालवायची, असं तिघांनी मिळून ठरवलं होतं. मिस्त्री, गणिताचे निवृत्त सर आणि वायरमन. पहिल्या दोघांना हौस होती. वायरमनला घाई होती.

त्याची बायको दोन महिने इस्पितळात होती. छाती पार पोखरलेली. धुराचा नुसता वास आला तरी खोकून खोकून जीव कासावीस व्हायचा. "मला एकदा घरी न्या हो," ती म्हणायची, "पण धुराच्या गाडीतून नको." डॉक्टरांनी आडवळणाने सांगून टाकलं होतं, फार दिवस नाहीत. तेव्हापासून हा बाबा तहानभूक विसरून केबल ओढत होता.

बॅटऱ्या बसवल्या की गाडीचा तोल बघावा लागतो. सरांनी चारही चाकांखाली वजनकाटे ठेवले आणि गाडीचं हिशेबाने येणारं वजन त्यातून वजा केलं. काट्यांना जोडलेल्या पडद्यावर शून्य यायला हवं होतं. आले त्रेचाळीस किलो. कल सगळा मागच्या डाव्या सीटकडे.

"कोण बसलंय मागे? उतरा हो, गाडी अजून लागली नाही!" मिस्त्री ओरडला. तिघेही हसले. मग काटे बदलून पाहिले, फरशीची पातळी तपासली, सीट उचकटून खाली हात घातला. दुसऱ्या दिवशी बेचाळीस. तिसऱ्या दिवशी साडेएकेचाळीस. सरांनी हात टेकले.

त्याच दिवशी वायरमन इस्पितळात गेला, तर नर्स बायकोला काट्यावरून उतरवत होती. साडेएकेचाळीस. पलंगाला अडकवलेल्या कागदावर आदल्या दिवशीचा आकडा होता, बेचाळीस. त्याच्या वर त्रेचाळीस.

भुताखेतांवर वायरमनचा काडीचा विश्वास नव्हता. पण बायको डोळ्यांदेखत झिजत असताना माणूस विश्वासाचं काय घेऊन बसणार? परत येऊन त्याने कुणाला न सांगता पाच किलो वाळूची पिशवी मागच्या डाव्या सीटवर ठेवली. पडद्यावर साडेशेहेचाळीस.

सकाळी नर्स म्हणाली, "काय खाऊ घातलंत? पाच किलो वाढल्या की!"

त्याला रडूच फुटलं. त्याने दुसरी पिशवी ठेवली.

पुढच्या दिवशी साडेएक्कावन्न. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर घरी न्या. नुसत्या आनंदाने त्याने बायकोचा हात हातात घेतला. मनगट होतं तसंच होतं, काडीसारखं. गाल बसलेले. फक्त पलंगाची गादी तिच्याखाली खोल गेली होती.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "छातीवर काहीतरी ठेवलंय. काढा ना."

वायरमन धावत सुटला. भर दुपारी गॅरेजात शिरला आणि त्याने दोन्ही पिशव्या खाली फेकल्या. पडद्यावर साडेएकेचाळीस आले. तिथे आकडा थांबला नाही.

चाळीस. अडतीस.

त्याने पिशव्या उचलून पुन्हा ठेवल्या. छत्तीस.

"मिस्त्री, आत बसा! बसा हो, पाया पडतो!"

त्याचा चेहरा बघून मिस्त्री तसाच आत शिरला. चांगला नव्वद किलोंचा देह सीटवर आदळला. गाडी करकरत डावीकडे कलली.

"किती?"

"एकतीस," सर म्हणाले.

वायरमन मिस्त्रीला खेटून बसला.

"आता?"

"चोवीस."

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि तेही येऊन कडेला टेकले. पडदा दिसावा म्हणून दार उघडंच ठेवलं. मागचं टायर दबून फरशीवर पसरलं होतं. तिघे खांद्याला खांदा लावून बसले होते. वायरमनने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून ठेवली होती.

सर वर्गात पाढे म्हणावेत तशा एका सुरात वाचत राहिले.

"नऊ. आठ. सात."