बंद पेटीतला तडा

देवयानीबाई रचना वानखडेच्या खासगी तपासाच्या ऑफिसात फोन घेत असत. पण त्या सोमवारी त्यांनी बूट काढले, कोट मात्र काढला नाही, आणि आपल्या टेबलाशी न जाता अशिलाच्या खुर्चीत येऊन बसल्या.

रचनाने चहा पुढे केला. सोमवारचा उपास म्हणून बिस्किटांचा डबा तिने उघडलाच नाही.

"बोला ताई."

"माझ्या बेसमेंटमध्ये राहते ना, ती अक्षता. तिच्यावर आळ आलाय."

मग त्यांनी सारं सांगितलं. त्यांची ती सांगण्याची रीत. आवाज वर नाही, खाली नाही. सुधाकरराव गेल्यापासून त्या अशाच बोलत. दोन हिवाळे झाले. रोज तिन्हीसांजेला दिवा लागायचा, पोथीचं पान वाचलं जायचं, जेवणं व्हायची. यातलं काही चुकत नव्हतं आणि कशाने काही वाटतही नव्हतं.

अक्षता बार्शीची. विनिपेगला कॉलेजात शिकायला आलेली, आणि तिथल्या मारियाची पथकात शिरलेली. मारियाची म्हणजे मेक्सिकोचं गाणं-वाजवणं: व्हायोलिनं, ट्रम्पेटं, गिटारी, अंगात चांदीच्या गुंड्यांची आखूड जाकिटं. पुढ्यात कागद न ठेवता उभ्याने वाजवायचं. बारसं असो, लग्न असो, की मातीला जाणं असो, मारियाची हवेच. त्यात सगळ्यांत खालचा सूर धरतं ते गितारोन, रांजणासारखं पोट सुटलेलं अवाढव्य वाद्य. आकार राक्षसाचा, वजन मात्र पिसासारखं. आपली पाच फुटांची अक्षता ते वाजवायची.

पथक उभं केलं होतं म्हाताऱ्या एउसेबिओ बार्रिएन्तोस यांनी. सगळे त्यांना माएस्त्रो म्हणत. पंधरा दिवसांपूर्वी ते गेले. त्यांचं स्वतःचं गितारोन कॉलेजात होतं. त्याच आठवड्यात गुरुवारी दफन झालं आणि पुढच्या, म्हणजे गेल्या सोमवारी सकाळी अक्षताने कपाट उघडलं, तर कुलूप शाबूत, पेटी बंद, आणि आतल्या गितारोनला तडा.

"आळ हिच्यावरच का?"

"दफनाच्या दिवशी उणे एकतीस होतं. विभागप्रमुख मिसेस फ्रीसेननी वाद्यं बाहेर न्यायला मनाई केली. तेव्हा ही सगळ्यांदेखत म्हणाली, मग तोडून टाका ते, कपाटात ठेवून काय करायचंय. किल्ली हिच्याकडे असते. उद्या कमिटी बसतेय. कॉलेजातून काढलं तर स्टडी परमिट जाईल, पुढे पीआरचं, इथे कायम राहायच्या परवान्याचं, नावही नको." देवयानीबाईंनी कप खाली ठेवला. "आणि पोरगी तोंडातून शब्द काढत नाही. मला काही वाटतच नाही, म्हणते. ते मला कळतं गं. पण कमिटीला कोण सांगणार?"

रचनाने गाडीची किल्ली उचलली. पूर्वी ती विमा कंपनीत जळलेल्या घरांचे दावे तपासायची. राखेत काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी बघायचं, ही तिची सवय तेव्हाची.

कॉलेजच्या दारातून आत पाऊल टाकताच देवयानीबाईंचा चष्मा पांढरा झाला. त्या नेहमीसारख्या जागीच थांबल्या.

"पुसू नका," रचना त्यांचा कोपर धरून म्हणाली. "काच गरम होऊ द्या. आपोआप जाईल."

मिसेस फ्रीसेन उंच, करड्या केसांच्या आणि दमलेल्या दिसल्या. खोली आणि कपाट एकाच किल्लीने उघडतं, आणि किल्ल्या तीनच, त्यांनी सांगितलं: एक त्यांच्याकडे, एक अक्षताकडे, तिसरी माएस्त्रोंची. ती त्यांच्या सामानाबरोबर घरी पाठवली. शुक्रवार संध्याकाळनंतर इमारत फक्त रविवारी सकाळी उघडी असते, वस्तीतल्या गाणाऱ्यांचा सराव चालतो, पण ही खोली बंद असते. बोलता बोलता त्यांनी काळी, चाकं लावलेली पेटी ओढून पुढे आणली. चाकांजवळ पांढरी रेघ होती. देवयानीबाईंनी सवयीने रुमाल काढला आणि ती पुसून टाकली.

"ताई, काय पुसलंत?"

"मीठ गं. रस्त्यावर टाकतात ते. माझ्या बुटांचं रोजचंच आहे."

रचनाने एक सुस्कारा सोडला, रागावली मात्र नाही. राहिलेला पांढरा कण तिने बोटावर घेतला आणि विचारलं, हे वाद्य बाहेर शेवटचं कधी गेलं? मिसेस फ्रीसेन म्हणाल्या, बर्फ पडायच्या आधी. हिवाळाभर ते कॉलेजातच राहतं, माएस्त्रोंच्या घरी जायचं ते फक्त उन्हाळ्यात. कपाट आणि पेटी गेल्याच महिन्यात स्वच्छ केली होती.

पेटी उघडली. तडा दर्शनी फळीच्या खालच्या कडेला, घोडीपासून, म्हणजे तारा बांधायच्या पट्टीपासून, लांब होता. लाकडाच्या रेषेबरोबर सरळ गेलेला, केसाएवढा बारीक. ना कुठे खड्डा, ना कपची. कोपऱ्यात पिवळं फलाटणीचं कापड, चारही टोकं आत दुमडून पानाच्या विड्यासारखं ठेवलेलं. रचनाने ते हुंगलं. कापड वाळून कडक झालं होतं, वास कुबट होता.

"दोन्या रोसाउराला यातलं काही कळू देऊ नका," निघताना मिसेस फ्रीसेन म्हणाल्या. दोन्या रोसाउरा म्हणजे माएस्त्रोंची बायको. "आधीच कोसळलीय ती."

ट्रम्पेटवाला ल्युक विनिपेगच्याच सेंट बोनिफेस भागातला, बडबड्या. गितारोन आपल्याला मिळायला हवं होतं, हे त्याने लपवलं नाही. अक्षता वाजवायला लागली की वाद्यालाच पाय फुटल्यासारखे दिसतात, असं तो तिला चिडवायचा. पण दफनाचं मात्र त्याने दोनच वाक्यांत आटोपलं. खिशात हात घालून सगळे नुसतेच उभे राहिले होते, म्हणाला. माती पडल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. बाहेरच्या थंडीतून वाद्य आणल्यावर काय करायचं, असं रचनाने सहज विचारलं.

"पेटी दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायची नाही. माएस्त्रो पहिल्या हिवाळ्यात हे शिकवायचे, सूर नंतर." जाता जाता तोही म्हणालाच, दोन्या रोसाउराला सांगू नका.

व्हायोलिनवाली इत्झेल पथकाची पुढारी. तिचे आजोबा मेक्सिकोतल्या खालिस्कोत मारियाची होते. हे गितारोन मेक्सिकन हातांतच राहावं असं आपल्याला वाटायचं, पण म्हणून कुणी फोडतं का, असं ती शांतपणे म्हणाली. पेटीचा प्रश्न तिने पुरताही ऐकला नाही. उद्या सकाळी उघडायची, उत्तर तयार होतं. उन्हाळ्यातल्या मैफलींविषयी विचारलं तेव्हा जरा सैल झाली. माएस्त्रोंच्या परसात सगळे जमत. शेवटचे दोन उन्हाळे त्यांचे हात इतके कापायचे की जाकिटाच्या गुंड्यासुद्धा बायकोच लावून द्यायची.

"आणि गितारोन? ते सुरात कोण लावायचं?"

"इथे अक्षता. तिथे..." इत्झेल थांबली. "तिथे घरातून बाहेर यायचं ते सुरातच असायचं. माएस्त्रोच लावत असतील."

तिनेही निघताना तेच सांगितलं: दोन्या रोसाउराला नको.

अक्षता सरावाच्या खोलीत खिडकीशी बसली होती. बाहेर वाहनतळावर बर्फ शोव्हल करणं चाललं होतं, तिकडे डोळे लावून. रचनाने गितारोन तिच्यापुढे ठेवलं आणि तारा छेडायला सांगितल्या. तिने एकेक तार ओढली आणि पहिल्यांदाच कपाळाला आठी पडली.

"उतरल्यात. सहाही. पण सारख्याच उतरल्यात."

"गेल्या सोमवारी अशाच होत्या?"

"माहीत नाही. तडा बघितला आणि परत हात लावला नाही. शुक्रवारी मी लावून ठेवलं होतं."

"रविवारी कुठे होतीस?"

"घरी. मावशींबरोबर फरशी पुसत होते. मावशींचं कोण ऐकणार? त्या घरमालकीण." ती पुन्हा खिडकीकडे वळली. "ताई, काढू देत मला. खरंच काही वाटत नाही."

देवयानीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ त्यांना आपलीच वाटली, लाकडासारखी.

दुसऱ्या दिवशी, कमिटीच्या आधी, रचनाने सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. गितारोन मध्ये टेबलावर होतं.

"हे कुणी फोडलेलं नाही," तिने सुरुवात केली. "फोडलं असतं तर घाव दिसला असता. हा तडा लाकडाने स्वतःहून घेतलाय. थंडीने आखडलेलं लाकूड एकाएकी गरम, कोरड्या हवेत उघडं पडलं की असं होतं. म्हणजे वाद्य बाहेर गेलं होतं. पेटीच्या चाकांवर रस्त्याचं मीठ होतं, देवयानीताईंनी पुसलं ते. महिन्याभरापूर्वी स्वच्छ केलेल्या, हिवाळाभर न हललेल्या पेटीला मीठ कुठून आलं?"

देवयानीबाईंनी मान खाली घातली.

"बाहेर नेऊन काय केलं? वाजवलं. कडाक्यात तारा आखडतात. तिथे सुरात लावलेलं वाद्य उबेला आलं की तारा सैलावतात आणि सगळ्या मिळून उतरतात. तडा घोडीपासून लांब आहे, त्याच्यामुळे सहाही तारा सारख्या उतरणार नाहीत. ज्याला नासधूस करायची तो तारा जुळवत बसत नाही."

"म्हणजे आमच्यापैकीच कुणीतरी," ल्युक म्हणाला.

"नाही. आत आणल्यावर पेटी लगेच उघडली गेली. काल ताईंचा चष्मा पांढरा झाला तसं लाकडावर दव धरलं, आणि ते या कापडाने पुसलं गेलं. म्हणून त्याला कुबट वास आहे. तुम्ही तिघं पेटीचा नियम झोपेतसुद्धा सांगाल. मिसेस फ्रीसेननी तर थंडीच्या भीतीनेच मनाई केली होती. मग उरतं कोण? ज्याला गितारोन सुरात लावता येतं, पण हिवाळ्यातलं गितारोन ज्याने कधी हाताळलेलं नाही. जे फक्त उन्हाळ्यात घरी यायचं. कापणाऱ्या हातांच्या माणसाच्या घरात ते सुरात कोण लावत होतं? आणि तिसरी किल्ली कुठे गेली?"

इत्झेलने तोंडावर हात घेतला.

"कुणी खोटं बोललेलं नाही," रचना म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना विचारलंत, फक्त दोन्या रोसाउराला नाही. तिला त्रास नको म्हणून. त्यामुळे वाद्याला तडा गेल्याचं आणि या मुलीवर आळ आल्याचं तिला आजही माहीत नाही."

 मग मिसेस फ्रीसेन म्हणाल्या की कमिटीला अपघात झाला असं सांगता येईल, नाव कशाला. त्यावर ल्युक हळूच म्हणाला, नाव नसेल तर ते अक्षताचंच धरतील. अक्षता म्हणाली, धरू देत. आजींना नका सांगू.

"सांगा," देवयानीबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्या कधी मध्ये बोलत नसत.

"माझे हे ड्राइव्हवेमध्ये बर्फ काढताना पडले. लगेच गेले असं मला सांगितलं. लगेच नव्हते गेले. माझं नाव घेत होते. सगळ्या गल्लीला माहीत होतं, मला ग्रोसरीच्या रांगेत कळलं, वर्षाने. तोवर सगळ्यांनी मला सांभाळलं. कपाटात ठेवल्यासारखं." त्यांनी पदर खांद्यावर घेतला. "मी जाते. मी सांगेन तिला."

दोन्या रोसाउराचं घर जवळच होतं. देवयानीबाईंना स्पॅनिश येत नव्हतं, आणि दोन्याचं इंग्रजी त्यांच्यासारखंच, कामापुरतं. तेवढं पुरलं. म्हातारीने सारं ऐकलं. मग ती आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत राहिली.

"एकही सूर नव्हता," ती म्हणाली. "आमच्या गावात कुत्र्यालासुद्धा कुणी असं पुरत नाही. रविवारी मी ते घेऊन त्यांच्या कबरीपाशी गेले. एकच गाणं वाजवलं. बोटं चालेनात. कॉलेजात परत आणलं तर त्याला घाम फुटलेला. परसात दव पडायचं तेव्हा पुसायचे, तसा पुसला." मग तिने विचारलं, "त्या छोट्या मुलीला शिक्षा करतायत? माझ्यासाठी?"

आणि ती कोट शोधायला उठली. घाईघाईत तिला गुंड्या लावता येईनात, तेव्हा देवयानीबाईंनी वाकून एकेक लावून दिली.

कमिटीपुढे ती उभी राहिली, दोन वाक्यं बोलली, आणि अक्षतावरचा आळ गेला. मग सरावाच्या खोलीत येऊन तिने गितारोन पोटाशी धरलं, सहाही तारा कानानेच वर चढवल्या, आणि ते अक्षताच्या गळ्यात अडकवलं.

"शनिवारच्या कार्यक्रमात हेच वाजव. असंच."

अक्षताने तार ओढली. सुराच्या तळाशी बारीकशी खरखर होती, घसा बसलेल्या माणसासारखी. तिने पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढताना तिचे खांदे हलायला लागले. दोन्याने तिला थांबवलं नाही, नुसता पायाने ठेका धरला.

देवयानीबाई घरी आल्या तेव्हा तिन्हीसांज होत होती. दार उघडताच चष्म्यावर धुकं आलं. त्या जागीच थांबल्या. काच गरम झाली, धुकं विरलं. तरीही देव्हारा नीट दिसेना.

त्यांनी चष्मा पुसला नाही. चाचपडतच काडेपेटी घेतली आणि दिवा लावला.