खंडेनवमीची बंदूक

परीक्षित सहस्रबुद्धे हा माणूस मिरची-कोथिंबीर आणायची म्हटली तरी आधी एक्सेल उघडायचा, तिथे बंदूक घ्यायची म्हटल्यावर विचारायलाच नको. मिशिगनमधल्या नोव्हायच्या घरात डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून त्याने तेरा बंदुकांचा तक्ता केला होता. वजन, तोल, खांद्याला बसणारा धक्का, दस्त्याची लांबी. गाड्यांची थरथर मोजण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती, त्यामुळे रकान्यांना मार्क देणं हाडीमासी खिळलेलं. फक्त ज्या कामासाठी हे सगळं चाललं होतं, त्या कामाची त्याला मनापासून किळस होती. फेझंट, म्हणजे कोंबड्याएवढा रानपक्षी, मारायचा, त्याची पिसं उपटायची, पोटात हात घालून आतडी ओढून काढायची. चार वर्षांपूर्वी ऋताने असला सोललेला पक्षी फोनवर दाखवला होता, तेव्हा दोन दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं.

पण बोलावणं ऋताचंच होतं.

ऋता त्याची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची. लॅन्सिंगला जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. तीन वर्षांपूर्वी तिची आई, मंजुषा, हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होती तेव्हा परीक्षित अलाबामात एका नव्या कार प्लांटच्या लाँचवर होता. उद्या निघतो असं त्याने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तिकीट पुढे ढकललं. तेव्हापासून ऋता फक्त दिवाळीला मेसेज करायची, तोही इंग्रजीत. आणि या सप्टेंबरात अचानक तिचा फोन आला.

"बाबा, फेझंट सीझन सुरू झाला की मी हंटिंगला जातेय. मैत्रिणीचं फार्म आहे. येतोस? तुझी स्वतःची गन घे. आणि कॅन्सल करणार असशील तर प्लीज आत्ताच सांग."

तो हो म्हणाला. आता नाही तर पोर कायमची गेली, एवढं कळण्याइतका तो शहाणा होता. त्याने सेफ्टीचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि तक्ता घेऊन हॉवेलच्या एका दुकानात गेला.

म्हातारा दुकानदार तक्ता बघून गालात हसला. म्हणाला, डोळे मिट, बंदूक खांद्याला लाव, मग डोळे उघड. नजर नळीवरून सरळ गेली तर बंदूक तुझी. तक्त्यातल्या तेराही बंदुका या परीक्षेत आपटल्या. जी सरळ बसली ती तक्त्यात नव्हतीच. ट्वेंटी गेज, शेजारी शेजारी दोन नळ्या, अक्रोडाचा दस्ता, एकदाही न झाडलेली, कोरी करकरीत. समोरून पाहिलं की त्या दोन नळ्या नाकपुड्यांसारख्या दिसायच्या, ते त्याला आवडलं नाही. पण खांद्यावर ती अशी बसली की त्याने दुसरीकडे पाहिलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात खंडेनवमी होती. या घरात आजवर शस्त्र म्हणून विळी, स्क्रूड्रायव्हर आणि त्याचं व्हर्नियर कॅलिपर पुजलं जायचं, आणि ते मंजुषा करायची. यंदा घरात खरंखुरं शस्त्र होतं आणि पूजा करणारी नव्हती. त्याच्याकडे पूजेची एकच पीडीएफ होती, महाराष्ट्र मंडळाने गणपतीत पाठवलेली. त्यातल्या कुठल्या पायऱ्या शस्त्राला लागू नाहीत हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि पायरी गाळणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गणपतीच्या जागी त्याने बंदूक ठेवली. प्राणप्रतिष्ठेची पायरी आली तेव्हा उजवा हात बंदुकीच्या पोटावर ठेवून सगळा मंत्र नीट, न अडखळता म्हटला. दूर्वेच्या जागी लॉनमधली गवताची काडी तुपात बुडवून दोन्ही नळ्यांच्या तोंडांना लावली. समोर केशरी श्रीखंडाची वाटी ठेवून पाणी फिरवलं. शेवटचं पान उत्तरपूजेचं होतं, देवाला निरोप देण्याचं. ते त्याने सोडून दिलं. बंदूक काही तळ्यात बुडवायची नव्हती.

तासाभराने प्रसाद घ्यायला आला तर वाटीत श्रीखंड निम्मंच होतं. आपणच कमी वाढलं असेल, असं तो मनाशी म्हणाला. वरचा थर कुणी सुरी फिरवून सारखा करावा तसा गुळगुळीत झाला होता. त्याने वाटी बोटाने निपटून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने नळ्या साफ करायला घेतल्या. सळईला कापडाची चिंधी लावून आरपार ओढली. चिंधी ओली निघाली. तेल नव्हतं ते. चिकट होतं, तार धरत होतं, आणि त्याला सकाळी न धुतलेल्या तोंडाचा वास होता. दुसऱ्या चिंधीबरोबर पिवळट, फाटलेला, आंबलेला गोळा बाहेर आला. त्यात चारोळी होती.

निपटून खाल्लेली वाटी त्याला तेव्हा आठवली. तो सिंकवर वाकला आणि पोटातलं सगळं, अगदी पाणीसुद्धा, बाहेर आलं.

मग तो इंजिनिअरसारखा वागला. नळ्या धुतल्या, वाळवल्या. दुकानातून आणली तेव्हा तिचं वजन दोन किलो आठशे दहा भरलं होतं. आता भरलं दोन नऊशे चाळीस. पुन्हा वजन केलं, तेवढंच. दस्ता हाताला कोमट लागत होता आणि हात काढला की तळव्यावर मेणचट थर राहत होता. साबणाने तीनदा धुऊनही तो जाईना. ही घाण परत करून यावी, तक्त्यातली कुठलीही दुसरी घ्यावी, असं त्याने ठरवलं. गाडीची किल्लीही उचलली, तोच ऋताचा फोन आला.

"बाबा, शनिवार पक्का ना? सांग रे, कॅन्सल नाही ना करत?"

"नाही," तो म्हणाला.

"आणि गन घेतलीस ती तुला फिट होते ना? उगाच आता चेंज करू नकोस. नव्या गनची सवय व्हायला वेळ लागतो."

"बरं," तो म्हणाला आणि किल्ली जागेवर ठेवली.

शनिवारी सकाळी दहाला दोघं मक्याच्या कापलेल्या शेतातून चालत होती, अंगात केशरी जाकिटं. थंडी होती, आभाळ स्वच्छ. ऋताची कुत्री हेझल पुढे हुंगत चालली होती. ती ऋताभोवती फिरायची, पण परीक्षितच्या पाच हातांत यायची नाही. आली की ओठ वर करून हिरड्या दाखवायची.

चराच्या कडेने नर फेझंट फडफडत उठला.

"बाबा, तुझा!" ऋता ओरडली.

त्याने बंदूक खांद्याला लावली. चापावर बोट गेलंसुद्धा नव्हतं.

बार झाला नाही. कढीचा भुरका मारावा तसा एक ओला, लांब आवाज झाला. पक्षी हवेत थांबला, आणि मग हवेत नव्हता. मक्याच्या बुडख्यांवर दोन पिसं तेवढी उतरली.

परीक्षितने बंदूक खाली घेतली. डाव्या नळीतून एक पाय बाहेर राहिला होता, खवल्यांचा, मागे नखी असलेला. तो त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू आत सरकला.

त्याने बंदूक मधून दुमडून उघडली. दोन्ही काडतुसं जशीच्या तशी होती.

"मस्त होता शॉट!" ऋता धापा टाकत आली. तिला पक्षी पडल्यासारखाच वाटला होता. "मला आवाजच आला नाही, वारा केवढा आहे." हेझल पक्षी शोधायला गेलीच नाही. ती जमिनीला पोट टेकून बसली होती.

आणि तेव्हा ऋताने त्याला मिठी मारली. तीन वर्षांत पहिल्यांदा. "आईला खरं वाटलं नसतं," ती म्हणाली. "तू आलास."

त्याच्या हातातून तिने बंदूक घेतली, गालाला लावली, डोळे मिटले, उघडले. "कसली परफेक्ट बसते रे. आणि केवढी वॉर्म आहे. बाबा, आपण स्वॅप करू या? माझी तू घे."

सांगायची हीच वेळ होती. सांगितलं असतं तर तिने त्याच्याकडे पाहिलं असतं, ते त्याला माहीत असलेलं पाहणं. पुन्हा बाबाचं काहीतरी निघालं, असं.

"घे," तो म्हणाला.

त्यानंतर ऋता रोज फोन करू लागली. रोज, मराठीत. कॉलेजातलं सांगायची, स्वयंपाकातलं विचारायची, हसायची. त्याला एवढंच हवं होतं. तरी त्याच्या तळव्यांचा वास गेला नव्हता, आणि ती बोलत असताना मागे कुणीतरी तोंड न मिटता काहीतरी चावत असायचं. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, हेझल असेल.

तिसऱ्या रविवारी दुपारी त्याने पीडीएफचं शेवटचं पान उघडलं. निरोपाचे मंत्र म्हणून, अक्षता वाहून मूर्ती जागची जराशी हलवायची, एवढंच होतं. त्याने फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पूजा, श्रीखंड, तो पाय. ऋताने ऐकून घेतलं. ती चिडली नाही, हसलीही नाही.

"हेझलला दुसऱ्या खोलीत बांध," तो म्हणाला. "मग तांदूळ घे हातात. मी मंत्र सांगतो."

"हेझल नाहीये, बाबा. गुरुवारपासून." तिच्या आवाजात दुःख नव्हतं.

"ऋता, मग आत्ताच्या आत्ता ती बंदूक उचल आणि—"

"हळू बोल ना," ऋता कुजबुजली. "आत्ताच जेवून झोपलीय ती."