शून्य क्रमांकाची बाई

मे महिन्यातल्या त्या सोमवारी मी नागपूरहून सकाळच्या पॅसेंजरने पांढुर्ण्याला उतरलो. पिशवीत दोन वर्तमानपत्रं होती, पाण्याची छागल होती आणि छागलीच्या गार अंगाला टेकवून ठेवलेली एक कॅसेट होती. उन्हाने टेप ढिली पडू नये म्हणून ही बडदास्त. गाणी नव्हती त्या कॅसेटमध्ये. असती तर माझं डोकं तरी शांत राहिलं असतं. तीन आठवड्यांतली ही माझी चौथी फेरी, आणि चौथी फेरीही एका नावासाठीच. ते नाव यादीत नको होतं, आणि काही केल्या जात नव्हतं.

यादी कसली, ते आधी सांगतो. १९८७ सालची गोष्ट. दहा फेब्रुवारीला गावाबाहेरच्या एका जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला आग लागली. मालक म्हणाला, नऊ मजूर गेले. हजेरीपुस्तक जळालं म्हणाला. तिजोरी मात्र सुखरूप होती. मी तीस वर्षं बातमीदारी केली आहे. असलं गणित मला पचत नाही. बारा फेब्रुवारीपासून मी जिनिंगच्या फाटकाशी उभा राहिलो, मग मोहगाव, बोरगाव आणि आसपासच्या वस्त्या पालथ्या घातल्या आणि आगीत कोण गेलं याबद्दल जो जे सांगेल त्याची एकेक चिठ्ठी लिहिली. तीनशे बारा चिठ्ठ्या झाल्या. एकच बाई कोणी माहेरच्या नावाने सांगितली, कोणी सासरच्या, कोणी नुसतं ‘काळी गुणी’ म्हणून. त्यातून खरी माणसं किती, हे ठरवायचं होतं. बुधवारी सौंसरला चौकशी होती आणि चौकशी अधिकाऱ्याने मला बजावलं होतं, “तुमच्या यादीतलं एक नाव जरी खोटं निघालं, तरी मी सगळी यादी बाजूला ठेवीन.” म्हणजे नऊ ते नऊच. बाकीच्या बाया मेल्याच नाहीत.

हे काम प्रतिभाताईंनी अंगावर घेतलं. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. विलायतेतल्या भावाने त्यांना रबरी बटणांचा, पाटीएवढा एक संगणक पाठवला होता. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरने त्याला प्रोग्रॅम ऐकवायचा. त्याच्या स्वतःच्या बेसिक भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम एवढ्या चिठ्ठ्या एकमेकींशी ताडायला दोन तास घ्यायचा. मे महिन्यात पांढुर्ण्यात सलग दोन तास वीज कोणी पाहिली आहे? वीज गेली की सगळं पुसलं. म्हणून ताईंनी प्रोग्रॅम सी भाषेत लिहिला. तो चाळीस सेकंदांत काम उरकायचा. पण सी भाषेचा कंपायलर, म्हणजे ती यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, त्या चिमुकल्या डब्यात मावत नाही. तेव्हा प्रोग्रॅम इथे कागदावर लिहायचा, नागपूरला एका ओळखीच्या कॉलेजातल्या मोठ्या संगणकावर या छोट्याला कळेल असा त्याचा उतारा करून घ्यायचा, तो कॅसेटवर भरायचा आणि कॅसेट इथे आणायची. एक अर्धविराम चुकला की पुन्हा नागपूर. शाळेच्या परीक्षा ताईंच्या गळ्यात, म्हणून फेऱ्या माझ्या.

हाताने मोजून एकवीस नावं येत होती. पहिल्या कॅसेटला यंत्रानेही एकवीसच काढली. फक्त त्यांच्या वर, शून्य क्रमांकावर, इंग्रजी अक्षरांत आणखी एक नाव होतं : पंचफुला.

“तुमची चूक नाही, माझी आहे,” प्रतिभाताई म्हणाल्या. “सी शून्यापासून मोजते. मी चिठ्ठ्या एकपासून भरल्या. शून्याची जागा रिकामी राहिली, तिथे काहीतरी कचरा आला.”

“कचऱ्याला नाव असतं का ताई?”

“तेच तर मी पाहून राहिले.”

तीनशे बारा चिठ्ठ्यांत पंचफुला नावाची एकही बाई नव्हती. मी दोनदा तपासलं. कवडूलाही विचारलं. कवडू हा जिनिंगचा मुकादम, बाया कामाला आणणारा. आगीत त्याचा डावा हात कोपरापर्यंत गेला होता. त्याची बायको गुणवंता यादीत नवव्या नंबरवर होती, आणि ती आमच्याकडे कामाला नव्हतीच, असं मालक म्हणत होता. पहिली नावं मला कवडूनेच दिली. तो नसता तर यादीच नसती. पंचफुला म्हणताच तो म्हणाला, “असं नाव नोतं जी कोनाचं.” फार लवकर म्हणाला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या कॅसेटमध्ये ताईंनी शून्याची जागा वगळायला सांगितली. नाव आलं, आणि पुढे वयाच्या रकान्यात चाळीस. तिसऱ्यात ती जागा आधी कोरी करून घेतली. नाव, वय, आणि गावाच्या रकान्यात ‘नाही’. मी रागाने टीव्हीवर थाप मारली. थाप मारून नावं जात असती तर मालकाने कधीच मारली असती.

“या खेपेला मी पहिली चिठ्ठीच शून्यावर बसवली आहे,” चौथ्या कॅसेटसाठी कागद देताना ताई म्हणाल्या होत्या. “तिला उभं राहायला जागाच ठेवली नाही.”

तर त्या सोमवारी भर दुपारी आम्ही ताईंच्या घरी बसलो. मी कवडूलाही बोलावलं होतं, शेवटची नावं त्याला वाचून दाखवायला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडक्या बंद, दाराला वाळ्याची ओली ताटी, खोलीत तिन्हीसांजेसारखा अंधार. कूलर घरघरत होता. कवडू आत यायला तयार नव्हता.

“मी इथंच बरा हाय. तुमी वाचा, मी आयकतो.”

“उन्हात मरशील. आत ये.”

“त्या डब्यासमोर नाई बसत मी, भैय्याजी.”

“तो काय चावतो का तुला?” मी वैतागलो होतो. तो उंबऱ्याच्या आत भिंतीला पाठ लावून बसला.

ताईंनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. ते किंचाळणं ज्याने ऐकलं नाही त्याला सांगता येणार नाही. पत्र्यावर खिळा ओढावा तसं, चार-पाच मिनिटं. टीव्हीच्या कडांना निळ्या-पिवळ्या पट्ट्या थरथरत होत्या.

“तुमच्या बातम्यांसारखंच आहे हे, भैय्याजी,” ताई म्हणाल्या. “ओरडणं फार, आणि शेवटपर्यंत कळत नाही काय म्हणून राहिलं.”

मग चिठ्ठ्यांची कॅसेट लावली. पुन्हा तेच किंचाळणं. वाळ्याच्या वासात मला आणखी एक वास येऊ लागला. जळक्या सरकीचा, तेलकट, घशाला धरणारा. स्वयंपाकघरात काही लागलं असेल म्हणून मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यांनाही येत होता.

टेप थांबली. ताईंनी बटण वर करून टेपरेकॉर्डर बंद केला. पडद्यावर यादी आली.

शून्य. पंचफुला. वय चाळीस. गाव नाही. आणि आजवर कोरा राहिलेला नवरा-नातेवाइकाचा रकाना भरला होता. मी चिडून मोठ्याने वाचलं, “आता हे काय नवीन? ‘गुणवंताच्या बदली’!”

कवडू उठून उभा राहिला.

तेवढ्यात वीज गेली. टीव्ही विझला, कूलरचा पंखा हळूहळू थांबला. इतकी शांतता झाली की ताटीवरून निथळणारं पाणी ऐकू येत होतं. आणि मग टेपरेकॉर्डरमधून... त्यात सेल होते, तो विजेशिवाय चालायचा... त्यातून आवाज येऊ लागला. किंचाळणं नाही. दूरवर जिनिंगचे रूळ फिरावेत तशी संथ धडधड, आणि मधूनमधून खोकला. कापसाच्या धुळीने बायांना लागतो तसला, कोरडा.

“ताई, बंद करा ते.”

“बंदच आहे... बटण वरच आहे, भैय्याजी. बघा ना...”

खोकला जवळ आला. कवडू भिंत धरून खाली बसला.

“तिचाच हाय,” तो म्हणाला. “अशीच खोकत जाये ते... दिवसभर.”

“कोण?”

“पंचफुला. टेसनावर राहे. मांगे-पुढे कोनी नोतं तिले. गुनवंताले ताप होता त्या दिवशी. एखादी बाई आली नाई तं तिच्या नावावर दुसरी उभी करतो आम्ही. बदली. मालक नाई म्हनते, पन सारेच करते. मी हिले उभी केली. अन् दार... दार भाईरून लावलेलं रायते, बाया पळू नये म्हनून.”

“आणि गुणवंता?”

“जित्ती हाय. मुलताईले, तिच्या भावाकडं.”

मला काय वाटलं ते छापण्यासारखं नाही. “तीन महिने, कवडू! तीन महिने मी तुझ्या बायकोसाठी भांडून राहिलो!”

“काय सांगतो जी मी? परकी बाई आत घेतली म्हटलं असतं, तं तिनंच बिडी पेटवली म्हनले असते. सारी आग तिच्यावर ढकलली असती, अन् माह्यावर. मढं वळखू येत नोतं. मी म्हनलं, गुनवंता हाय. मंग साऱ्या गावानं तेरवी जेवली. मांगे कसं फिरू?”

खोकला थांबला होता. केव्हा, ते आमच्यापैकी कोणालाच सांगता आलं नाही. वीज आली, तेव्हा ताईंनी सगळं पुन्हा लावून पाहिलं. शून्यावर मोहगावची पहिली चिठ्ठी होती. दुसरं काही नव्हतं. प्रोग्रॅम लिहिला होता तसाच चालला.

मी त्याच दुपारी यादी हाताने लिहून काढली. गुणवंता खोडली, पंचफुला घातली. एकवीस.

बुधवारी सौंसरला मालकाच्या वकिलाने जीप भरून साक्षीदार आणले. वर्तमानपत्रात आलेली माझी जुनी यादी त्याच्या हातात होती. त्याने गुणवंताला पुढे उभं केलं. “ही घ्या तुमची मेलेली बाई! चहा पिऊन आली आहे.” हॉलमध्ये हशा झाला. अधिकाऱ्याने माझ्या नव्या यादीवर बोट फिरवलं, वरून खाली, मग पुन्हा. “हे नाव यादीत नाही,” तो म्हणाला. हशा थांबला.

वकील काही कच्चा नव्हता. त्याने यादी मागवून वाचली. “मग ही पंचफुला कोण? हिच्यासाठी कोण रडलं? प्रत्येक नावामागे चिठ्ठी आहे म्हणता ना? दाखवा.”

पंचफुलाची चिठ्ठी मी लिहिलीच नव्हती. यादी लिहिण्याच्या घाईत विसरलो. कवडू दाराशी बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने मान खाली घातली. समोर त्याचा मालक बसला होता. एका चिठ्ठीपायी बाकीच्या बाया पुन्हा मरणार होत्या.

अधिकाऱ्याने गठ्ठ्याची दोरी सोडली. “ही काय, वरच आहे,” तो म्हणाला.

त्याने ती वाचली, वकिलाला दाखवली आणि माझ्यापुढे सरकवली. अक्षर माझं होतं. शाई माझी. पंचफुला, वय चाळीस, गाव नाही. तारीख बारा फेब्रुवारी, आगीनंतरचा दुसरा दिवस. खाली माहिती देणाऱ्याच्या नावापुढे मीच लिहिलं होतं : स्वतः.

अधिकाऱ्याने चष्मा काढला. “तुम्ही हिच्याशी कुठे बोललात?”

“फाटकापाशी,” मी म्हणालो.

विचार करून दिलेलं उत्तर नव्हतं ते. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर मला आठवलं की बारा फेब्रुवारीच्या त्या सकाळी पहिली बाई जवळ आली तेव्हा तिने तोंडावरचा पदर काढला नव्हता, आणि मी चिठ्ठी लिहून मान वर केली, तेव्हा फाटकाला बाहेरून कुलूप होतं आणि ती फाटकाच्या आतल्या बाजूला चालत जात होती.