पत्ता एकोणपन्नास

टाकी क्रमांक तीन कोरडी ठणठणीत होती. सरकारी तपासनीस बाईंनी झाकणातून टॉर्च मारला, तर तळाशी गंजाचे जुने पापुद्रे जसेच्या तसे पडलेले. त्या शिडीवरून उतरल्या आणि शेजारच्या दोन नंबरच्या टाकीकडे बघत राहिल्या.

मंगळवारी दुपारी बारा वीसला एक फिटर या दोन नंबरच्या टाकीत सफाईसाठी उतरला होता. एकाएकी वरचा व्हॉल्व्ह उघडला आणि पाण्याच्या लोंढ्यानं तो शिडीवरून खाली आदळला. बाहेर काढला तेव्हा शुद्ध हरपली होती. आज गुरुवार उजाडला तरी ती परत आली नव्हती.

व्हॉल्व्ह उघडतात ते कंट्रोल रूममधल्या पडद्यावरून. त्या वेळी पडद्यासमोर एकच माणूस होता, एकतीस वर्षांचे जुने ऑपरेटर नाना. आणि टाकीतला फिटर त्यांचा जावई.

कारखान्यानं निकाल लावून टाकला होता. म्हाताऱ्याचे डोळे गेले, तीनऐवजी दोन दाबलं. कोणतं बटण कधी दाबलं याची नोंद ठेवणारी यंत्रणा नव्हती. शुक्रवारी बडतर्फीचा कागद निघणार होता आणि पाठोपाठ पोलीस. बाईंना मात्र एक खोड होती. चार माणसं एका सुरात बोलू लागली की त्यांचा विश्वास उडायचा.

"तुम्ही काय दाबलं, नाना?"

"तीन."

"नक्की?"

"दोनच्या बटणावर मीच लाल कार्ड चिकटवलं होतं, बाई. माणूस आत आहे म्हणून. तीन भरायची होती. तीन दाबलं आणि पडद्यावर तीनच उघडलेली दिसली."

"पण तीनमध्ये पाण्याचा थेंब नाही."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तेच तर. आता वाटायला लागलंय, माझंच बोट घसरलं असेल. एवढी माणसं खोटं कशाला बोलतील?"

बाईंना त्यांचा राग आला आणि कीवही आली.

"मुलगी काय म्हणते?"

"म्हणाली, बाबा, दवाखान्यात पाऊल टाकू नका."

बाईंनी क्षणभर वही मिटली. "मंगळवारी सकाळी वेगळं काय घडलं? बारीकसारीकही सांगा."

"दोनचं मोड्यूल जळालं होतं. ती हिरव्या दिव्याची डबी हो, पडद्याचा हुकूम व्हॉल्व्हपर्यंत पोचवते ती. इंजिनिअर साहेबांनी अकराला नवीन बसवलं. मला फोन करून पत्ता विचारला."

"कसला पत्ता?"

"आयपी ॲड्रेस. प्रत्येक डबीचा वेगळा. असतो लांबलचक, पण फरक शेवटच्या आकड्यात. पहिल्या टाकीचा एकोणचाळीस, दुसरीचा एकोणपन्नास, तिसरीचा एकोणसाठ. तोंडपाठ आहेत मला. एकोणपन्नास म्हणून सांगितलं."

इंजिनिअर तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेला. पोरगा हुशार, पण लॅपटॉप काखोटीला मारल्याशिवाय पाणी प्यायलाही जाणार नाही. कामगारांनी त्याचं नाव लॅपटॉपराव ठेवलं होतं.

"मोड्यूल तुम्ही बसवलंत?"

"हो मॅडम, शार्प इलेव्हनला. त्याला दोन पोर्ट असतात. एकात कारखान्याच्या नेटवर्कची केबल. दुसऱ्याला लॅपटॉप लावून ॲड्रेस टाकायचा. टाकला आणि पॅनेलला कुलूप लावलं."

"किल्ली?"

"माझ्याकडेच. पासवर्डही."

"पत्ता कुठून घेतलात?"

"ड्रॉइंगवरून."

"नानांना फोन केला होता?"

"आठवत नाही."

"नंतर हात लावलात?"

"अजिबात नाही. वीजही गेलेली नाही." मग त्यानं आवाज खाली आणला. "नानांचं वाईट वाटतं हो. काल फुलं घेऊन दवाखान्यात गेलो होतो. काउंटरवर बेडचा नंबर चुकीचा सांगितला. थर्टी-नाईनला कुणी आजीबाई झोपल्या होत्या. तसाच परत आलो."

बाईंनी त्याच्याकडून पॅनेल उघडून घेतलं. मोड्यूलची माहिती लॅपटॉपवर आली. पत्त्याचा शेवटचा आकडा ४९, म्हणजे अगदी बिनचूक. त्याखाली एक ओळ होती: चालू होऊन ४८ तास १२ मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून सतरा मिनिटं झाली होती. बाईंनी दोन्ही आकडे टिपले आणि मोड्यूलसोबत आलेली पुस्तिका वाचायला मागून घेतली.

दुपारी त्या दवाखान्यात गेल्या. काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली, "एकोणतीस." एकोणतीस नंबरच्या बेडवर फिटर निपचित पडला होता. उशाशी नानांची मुलगी बसली होती. तिचे डोळे रडून सुजलेले होते.

"बाबांचं नाव काढू नका माझ्यासमोर," ती म्हणाली.

"नाही काढत. पण पाच वाजता कारखान्यात ये. दहा मिनिटं लागतील."

पाच वाजता कंट्रोल रूममध्ये मॅनेजर, लॅपटॉपराव आणि नाना होते. मुलगी दाराशीच उभी राहिली. बाईंनी लॅपटॉपरावापुढे कोरा कागद सरकवला.

"एक आकडा लिहा साहेब. एकोणऐंशी."

त्यानं झटकन लिहिलं. बाईंनी कागद उचलून सगळ्यांना दाखवला. त्यावर ८९ होतं.

"अहो, हे एकोणनव्वद झाले," नाना न राहवून म्हणाले.

"हेच मंगळवारी झालं," बाई म्हणाल्या. "ऐंशी ऐकलं की साहेबांच्या डोक्यात आठ येतो आणि एकोण म्हणजे नऊ. एकोणतीस नंबरचा बेड शोधायला हे एकोणचाळीसला गेले. एकोणपन्नास ऐकून यांनी नव्या मोड्यूलमध्ये ५९ टाकले. तो तीन नंबरच्या टाकीचा पत्ता. दोन घरांवर एकच पाटी लागली. पोस्टमन काय करणार? जो ओ देईल त्याच्या हातात पत्र. नानांनी तीनच दाबलं. ओ दिली दोनच्या डबीनं. पडद्याला वाटलं, तीन उघडली."

नानांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आणि माणूस आत उतरण्याआधी दोनचं पाणी तोडायला हातानं बंद करायचा व्हॉल्व्ह असतो, तो गंजून अडकलेला होता," बाई मॅनेजरकडे वळल्या. "त्याचा जाब तुम्हाला वेगळा द्यावा लागेल."

"मॅडम, हा नुसता तर्क आहे," लॅपटॉपराव म्हणाला. "मोड्यूलमध्ये ४९च आहे. तुम्हीच पाहिलंत."

"आज आहे. पण पत्ता बदलला की ते बंद होऊन पुन्हा चालू होतं, पुस्तिकेत लिहिलंय. आज एक सतराला ते चालू होऊन अठ्ठेचाळीस तास बारा मिनिटं झाली होती. उलटं मोजा. मंगळवार, एक वाजून पाच मिनिटं. वीज गेली नव्हती. कुलूप तर तुम्ही अकरालाच लावलं होतं. मग अपघातानंतर पाऊण तासानं, सगळे रुग्णवाहिकेमागे धावत असताना, पॅनेल कुणी उघडलं? किल्ली कुणाकडे? पासवर्ड कुणाकडे?"

लॅपटॉपरावनं ८९ चा कागद उलटा करून ठेवला.

"चूक कुणाच्याही हातून होते," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता. "तुम्ही ती पुसलीत आणि म्हाताऱ्याच्या माथी मारलीत. फुलं कुणाला द्यायला गेला होतात?"

"शाळेत आकडे इंग्रजीतच शिकलो," तो पुटपुटला. "सांगणार होतो. खरंच. पण तोवर सगळे नानांचंच नाव घ्यायला लागले होते... मग गप्प बसणं सोपं झालं."

मॅनेजरनं फोन उचलला. उद्यासाठी तयार ठेवलेला बडतर्फीचा कागद टेबलावर तसाच राहिला.

नानांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद नव्हता. "चारावर नऊ, एवढं जरी म्हणालो असतो," ते स्वतःशीच बोलत होते. "शाळेत तसंच तर म्हणायचो."

मुलगी दारातून आत आली. तिनं पडद्याकडे पाहिलं. दोनच्या बटणावर नानांनी चिकटवलेलं लाल कार्ड अजून तिथंच होतं.

"बाबा, चला."

"कुठं?"

"दवाखान्यात. डॉक्टर म्हणतात, ओळखीच्या आवाजानं फरक पडतो. मी दोन दिवस बोलतेय, ते हलत नाहीत. तुमचं ऐकतात ते. नेहमीच ऐकायचे."

नाना उठले. चष्मा सापडेना, तो डोळ्यांवरच होता.

"कितव्या बेडवर आहे तो?"

"एकोणतीस," ती म्हणाली. मग थांबली, त्यांचा हात हातात घेतला आणि लहान मुलाला शिकवावं तसं सावकाश सांगितलं, "दोनावर नऊ, बाबा. दोनावर नऊ."