स्नेक म्हणजे तळं

"स्नेक म्हणजे तळं," वकिलाने कार्ड उलटून वाचलं आणि तो टेबलावर डोकं टेकून हसायलाच लागला.

"दाखव," म्हणत झिपरीने कार्ड ओढून घेतलं. एका बाजूला ठळक इंग्रजी अक्षरांत 'स्नेक' छापलेलं होतं. मागच्या बाजूला मराठीत स्वच्छ लिहिलं होतं, तळं. तिने दुसरं कार्ड उचललं. मून म्हणजे चमचा. तिसरं उचललं. फॉग म्हणजे ओंडका. मग मात्र झिपरीलाही हसू आवरेना. "मावशी, अगं तुझ्या चंद्राचा चमचा झालाय!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पलीकडचं छपाईयंत्र चालू असूनही सगळ्यांनी माना वळवल्या.

हे ओरडणं तिला नंतर फार महागात पडलं.

झिपरी तेरा वर्षांची. तिच्या केसांची आणि कंगव्याची जन्माची कट्टी, म्हणून ती झिपरी. तिचा धाकटा भाऊ वकील, कारण तो दोन मुद्दे मांडल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसे. दोघं सुट्टीला मावशीकडे आली होती. मावशीचा मुलगा गोगलगाय त्यांच्याहून लहान. त्याला एक काम करायला तास लागे, पण ते पुन्हा कुणाला करावं लागत नसे. मावशी छापखान्यात चिकटवण्याच्या आणि कापण्याच्या टेबलावर अठरा वर्षं काम करत होती. घरी बसून कंटाळाल, त्यापेक्षा चला, कार्डं खोक्यात भरायला मदत करा, असं म्हणून तीच पोरांना घेऊन आली होती.

कार्डं एका शाळेसाठी होती. यमक जुळणारे इंग्रजी शब्द आणि मागे त्यांचे अर्थ. एका खोक्यात बारा कार्डं, अशी पाचशे खोकी. शाळेची गाडी परवा यायची होती.

झिपरीचं ओरडणं ऐकून मालक काचेच्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी एक खोकं उघडलं, मग दुसरं, मग पाचवं. त्यांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"बाई, हे काय करून ठेवलंत? शब्दांचा कागद एक, अर्थांचा एक. पाठीला पाठ लावून चिकटवायचे आणि कापायचे. एवढं साधं काम होतं!"

मावशीच्या हातात खळीचा ब्रश तसाच राहिला. "मी कोपऱ्याला कोपरा लावूनच..."

"मग अर्थ काय चालत गेले? चष्मा लागलाय तुम्हाला, इंग्रजी येत नाही, निदान कुणाला विचारायचं तरी! उद्यापासून या टेबलावर दुसरं कुणीतरी बसेल. तुम्ही आता घरी आराम करा."

मालक सगळ्या कामगारांसमोर बोलले. यंत्रवाल्याने यंत्र बंद केलं होतं, त्यामुळे शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू गेला. मावशी एवढंच म्हणाली, "माझंच चुकलं असेल."

झिपरीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण तिच्यात गडप व्हावं. ती ओरडली नसती तर? तर खोकी शाळेत गेली असती आणि शाळेने बोल लावला असता, हे खरं. पण मावशीला असं सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागलं ते आपल्या खिदळण्यामुळे, हे तिच्या मनातून जाईना.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन अंगणात गेले. मावशी टेबलाशीच बसून राहिली. तिने डबा उघडला नाही. आपला ब्रश, आपली पट्टी, आपला टोचा असं एक एक पुसून ती पिशवीत भरत होती.

"आईचं चुकलेलं नाही," गोगलगाय म्हणाला. तो दिवसभरात पहिल्यांदाच बोलत होता. "आई पिशवीचा बंदसुद्धा मोजून बांधते."

"कोर्टात असं चालत नाही," वकील म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "पुरावा लागतो."

"मग शोधू या," झिपरी म्हणाली आणि तिने एक खोकं जमिनीवर रिकामं केलं. "ऐका, सगळी कार्डं चुकलीत की काहीच, ते आधी बघू."

तिने यमकांप्रमाणे तीन तीनच्या ओळी मांडल्या. मून, नून, स्पून. लेक, शेक, स्नेक. बॉल, टॉल, वॉल. फॉग, डॉग, लॉग. मग गोगलगायीने आपल्या संथ पद्धतीने एक एक कार्ड उलटलं. मून, चमचा. नून, दुपार. स्पून, चंद्र.

"थांब! नून म्हणजे दुपार, हे तर बरोबर आहे!" वकील ओरडला.

लेकच्या मागे साप होता आणि स्नेकच्या मागे तळं. मधल्या शेकच्या मागे मात्र हलवणे, अगदी बरोबर. बॉलच्या मागे भिंत, वॉलच्या मागे चेंडू, मधला टॉल उंचच्या उंच. डॉगच्या मागेही कुत्राच.

"प्रत्येक ओळीत मधलं बरोबर आणि कडेच्या दोघांची अदलाबदल," झिपरी हळूच म्हणाली. हसू कधीच पळालं होतं. "मावशीने कागद उलटा चिकटवला असता तर?"

"तर अक्षरं खाली डोकं वर पाय झाली असती. ती तर सरळ आहेत. मुद्दा क्रमांक एक," वकील म्हणाला. दुसरा मुद्दा काही त्याला सुचेना.

झिपरी टेबलाशी गेली. "मावशी, पहिला कागद चिकटवून, कापून कुणी पाहिला होता का गं?"

मावशीने मान हलवली. "नेहमी आधी एक नमुना करतो आम्ही. या वेळीही मी म्हटलं होतं मालकांना. ते म्हणाले, वेळ कुठे आहे, मी दोन्ही कागद स्वतः तपासलेत. जाऊ दे बाळा. मोठी माणसं म्हणतात तर असेल माझंच."

"तपासलेले ते कागद कुठे आहेत?"

त्याचं उत्तर गोगलगाय घेऊन आला. रद्दीच्या पेटीत सगळ्यांत खाली शब्दांचा एक आणि अर्थांचा एक असे दोन पातळ कागद होते, आणि दोन्हींवर मालकांची सही. झिपरीने ते शेजारी शेजारी पसरले. मूनसमोर चंद्र, स्पूनसमोर चमचा. काना न् मात्रा बिनचूक. पोरांची तोंडं एवढीशी झाली.

"म्हणजे मालकांचं बरोबर होतं," वकील पुटपुटला.

झिपरी मात्र बराच वेळ त्या दोन कागदांकडे बघत राहिली. मग तिने अर्थांचा कागद उचलून शब्दांच्या कागदाला पाठीला पाठ लावला आणि खिडकीशी धरला. लगेच तिने दोघांनाही खिडकीशी ओढलं.

मालक जेवून आले तेव्हा तिघं त्यांच्या दारात उभी होती. मागे कामगारही जमले होते.

"काका, तुम्ही हे कागद कसे तपासले ते एकदा दाखवाल का?" झिपरीने विचारलं.

"आता ते आणि कशाला?" मालक वैतागले, पण आपली सही बघून त्यांनी कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हे बघ. पहिल्यासमोर पहिला, तिसऱ्यासमोर तिसरा. जुळतंय ना?"

"जुळतंय. आता पाठीला पाठ लावा. मावशी लावते तसे, कोपऱ्याला कोपरा. आणि मूनमध्ये हा टोचा घाला."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" वकिलाने संधी साधली.

मालकांनी मावशीचा टोचा मूनमध्ये खुपसला आणि कागद उलटला. टोच्याचं टोक चमच्यातून बाहेर आलं होतं.

मालकांनी दुसऱ्यांदा टोचा घातला, या वेळी स्नेकमध्ये. तो तळ्यात निघाला.

"कागद उलटला की डावं उजवीकडे जातं," झिपरी म्हणाली. "मधलं तेवढं जागच्या जागी राहतं. अर्थांचा कागद उलट्या क्रमाने छापायला हवा होता. शेजारी ठेवून जुळला, म्हणूनच चिकटवल्यावर चुकला. मावशीने कसाही लावला असता तरी बरोबर आलाच नसता."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," यंत्रवाला मागून म्हणाला, आणि मालकांनी वळून बघताच खोकला.

मालक खुर्चीत बसले. संगणकावर शब्द त्यांनीच मांडले होते, सहीही त्यांचीच होती. मग ते म्हणाले, "शाबास पोरांनो. डोकी आहेत तुम्हाला."

झिपरीला शाबासकी गोड लागली नाही. "काका, आम्हाला नको. मावशीला म्हणा. सगळ्यांसमोर."

मालक उठले, मावशीच्या टेबलाशी गेले आणि सकाळी जेवढ्या मोठ्याने बोलले होते तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "बाई, चूक माझी होती. तुम्ही नमुना करू या म्हणालात, मी ऐकलं नाही. हे टेबल तुमचंच आहे."

मावशीने चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले. मग तिने पिशवीतून ब्रश, पट्टी काढून टेबलावर आपापल्या जागी ठेवली.

"पण पाचशे खोकी?" मालक म्हणाले. "परवा गाडी येणार."

मावशी झिपरीने मांडलेल्या ओळींकडे बघत होती. "हा शब्द कसा वाजतो गं?" तिने विचारलं.

"मून."

"आणि ज्याचा अर्थ चमचा, तो?"

"स्पून."

"सारखेच वाजतात की! मग मुलांनाच शोधू दे ना. मूनच्या मागे चमचा दिसला, तर मूनशी जुळणारा चमच्याचा शब्द कोणता, ते ओळखायचं. मधलं कार्ड यमकाची खूण. कार्डं तीच राहतील, झाकणावर खेळ छापा फक्त."

मालक आ वासून बघत राहिले. मग त्यांनी यंत्रवाल्याला झाकणं छापायला सांगितली. मावशीने मात्र बजावलं, "आधी एक नमुना. मी बघेन."

सगळे पांगल्यावर झिपरी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. "मावशी, मी सकाळी हसले. चुकलं माझं."

मावशीने तिच्या झिपऱ्या मागे सारल्या. "हसलीस म्हणून तर कळलं. पण अठरा वर्षं हे कागद चिकटवतेय गं, आणि त्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते कधी कुणाला विचारलं नाही. सगळे हसतील असं वाटायचं." तिने एक खोकं पुढे ओढलं. "चल, पहिल्यापासून सांग. कुणी हसलं तर हसू दे."

झिपरीने पहिलं कार्ड तिच्या हातात दिलं. मावशीने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि अडखळत वाचलं, "मून." मग डबा उघडून तिने पोरांसमोर सरकवला.